‘प्रत्येक जिल्ह्यातून एक नदी वाहते’ हे चिन्हांत कसं मांडायचं?

लातूरकर: तर्कशास्त्राच्या पेपरची तयारी चालू आहे. ‘मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातून एक नदी वाहते’ यात ∀ (‘प्रत्येक’) आधी घ्यायचा का ∃ (‘निदान एक तरी’)? आणि साधी मराठी असताना ही वेगळी भाषा हवीच कशाला?

नांदेडहून: वाक्याचे दोन अर्थ निघतात, म्हणूनच हवी. ज(क्ष) म्हणजे ‘क्ष हा मराठवाड्यातला जिल्हा आहे’, न(य) म्हणजे ‘य ही नदी आहे’, व(य, क्ष) म्हणजे ‘य ही क्ष मधून वाहते’; → म्हणजे ‘जर-तर’, ∧ म्हणजे ‘आणि’.
∀क्ष(ज(क्ष) → ∃य(न(य) ∧ व(य, क्ष))): प्रत्येक जिल्ह्याला कुठली ना कुठली नदी आहे.
∃य(न(य) ∧ ∀क्ष(ज(क्ष) → व(य, क्ष))): एकच नदी आठही जिल्ह्यांतून जाते. हे खोटं आहे. गोदावरी नांदेडातून जाते, पण लातूर जिल्ह्यातून नाही, तिथं मांजरा. दुसऱ्यावरून पहिलं निघतं (जिल्हे तेच धरून), पहिल्यावरून दुसरं नाही. बोलताना आपण हा फरक संदर्भावर सोडतो, चिन्हांत तो सोडताच येत नाही.

परभणीकर: बरोबर. बहुतेकांचे मार्क मात्र जोडचिन्हात जातात. ∀ बरोबर →, ∃ बरोबर ∧. ‘∀क्ष(ज(क्ष) ∧ …’ लिहिलंत की जगातली प्रत्येक वस्तू जिल्हा होऊन बसते. ∃ पुढं → घेतलात तर त्याहून वाईट: पैठणी नदी नाही, तेवढ्यावरच विधान खरं ठरतं!

लातूरकर: म्हणजे माझा ∃ कंसाबाहेर पडला होता. कळलं सर.

नांदेडहून: कंस जुळतात का, हे अर्थ न बघता यंत्रही तपासतं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, याच चिन्हांच्या तर्कशास्त्राच्या पायावर उभी आहे.