घरशाळा: थोरला पाचवी झालेला, धाकटी शाळेत न घातलेली. दाखला, वर्कबुकं आणि दहावीचं कसं करायचं?

नगरची_आई

सर्वांना जय ख्रिस्त. थोरला ११ वर्षांचा आहे, यंदा पाचवी पास. जूनपासून त्याला घरीच शिकवायचं ठरलंय. धाकटीला ७ पूर्ण, तिला शाळेत घातलेलंच नाही. मंडळीतल्या एका कुटुंबाकडून एसीई या अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाची वर्कबुकं (तिसरी ते सातवीच्या पातळीची) फुकट मिळताहेत. सकाळची उपासना आणि वचनपाठ घरात नियमित चालतो, त्यामुळे त्या बाजूची फारशी काळजी नाही. पण तीन गोष्टी कळत नाहीत.

१. थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढावा का? शाळेतून फोन येत राहतील असं सगळे म्हणतात.
२. दोघांची दहावी कुठून?
३. नुसत्या या वर्कबुकांवर भागेल का?

काळी_पाटी

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. दहावी कुठून द्यायची हे ठरलं की बाकीचं त्यावरून मागे मागे लावत येतं. उलट्या क्रमाने गेलेले पालक मूल चौदाचं झाल्यावर धावपळ करतात.

तुमच्या दोघांचे मार्ग वेगळे आहेत. थोरला मान्यताप्राप्त शाळेतून पाचवी पास आहे, म्हणून त्याला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगीरीत्या दहावी देण्याचा अर्ज, खुला आहे. त्यासाठी किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण लागतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद नेमून दिलेल्या केंद्रशाळेत नेऊन द्यायचे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्मची मुदत आदल्या वर्षीच संपते, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. म्हणून दाखला काढाच. त्यावरचं नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, धर्म-जात हे सगळं शाळेच्या खिडकीपाशीच तपासा, नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. लॅमिनेट करू नका. मधल्या काळात एखाद्या शाळेत किंवा क्लासला 'जमा करा' म्हणाले तर झेरॉक्स द्या.

फोन येण्याचं कारण असं की दाखला काढूनही मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालं नाही, तर यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, त्याचं नाव ड्रॉप बॉक्समध्ये (कुठल्याच शाळेत नसलेल्या मुलांच्या यादीत) पडतं आणि वर्गशिक्षकाला त्याचा पाठपुरावा करावा लागतो. त्यात त्या बाईंचा काही दोष नाही. 'घरी शिकवतो, दहावी खासगीरीत्या देणार' असं एका पानावर लिहून सही करून मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्या. मुलाचा पेन क्रमांकही (त्याच नोंदीतला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) टिपून ठेवा, उद्या पुन्हा शाळेत घालायचं झालं तर उपयोगी पडतो.

कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य सांगतं. त्यात पालकांना दंड सांगितलेला नाही, पण घरशाळेला थेट मान्यताही नाही. त्यामुळे कोणी विचारलं तर हुज्जत घालू नका, मुलाच्या वह्या दाखवा. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीची वाट बंद होत नाही.

धाकटीकडे दाखलाच नसणार. तिच्यासाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, सरळ पडतं. वय १४ पूर्ण, जन्मदाखला, आणि 'माध्यमिक अभ्यासक्रमाला पुरेल इतकं शिकलो आहे' असं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी देऊ नका, महानगरपालिकेचाच हवा. किमान पाच विषय, त्यात एक भाषा सक्तीची. पुढे अकरावी सायन्स मनात असेल तर इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान २१२ हे तीन धराच. उरलेल्या दोनांत मराठी २०४ आणि सामाजिक शास्त्र २१३ घ्या. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटे सुटे देता येतात. टीएमए म्हणजे घरून लिहून पाठवायच्या असाइनमेंट, त्यांना २० टक्के वजन आहे. ते फुकटचे गुण असूनही आळसाने जातात. आणि शक्य असेल तर एप्रिलपेक्षा आदल्या ऑक्टोबरची परीक्षा धरा, म्हणजे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका हातात असते.

मध्ये कुठेतरी कागद हवा असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी (वय १०) आणि आठवी (वय १३) या परीक्षा आहेत. धाकटीला आठवीची द्यायला लावा असं माझं मत. मराठी माध्यमाची परीक्षा देण्याचा सरावही होतो.

हातचा_एक

तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही भागणार. एसीईची वर्कबुकं वाईट नाहीत. विषयाला वर्षाची १२, प्रत्येकाच्या शेवटी चाचणी, ८० टक्के मिळाल्याशिवाय पुढचं हातात द्यायचं नाही. शिस्त चांगली लागते. पण त्यांत तीन भोकं आहेत.

पहिलं, सगळी उत्तरं गाळलेल्या जागांत. चार ओळींचं उत्तर लिहायची वेळच येत नाही, आणि बोर्डाचा पेपर तर लिहिण्यावरच. म्हणून दर वर्कबुकातून आठवड्याला दोन प्रश्न निवडून वहीत पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहून घ्या. दुसरं, मूल स्वतःच उत्तरपुस्तिका बघून तपासतं. थोरला हुशार असेल तर पंधरा दिवसांत आधी उत्तर बघून मग लिहायला लागेल. उत्तरपुस्तिका स्वयंपाकघरात ठेवा, दोन पानं झाली की तिथे उभं राहून लाल पेनाने तपासायचं, निळं पेन टेबलावरच राहू द्यायचं. तिसरं, इंच, पौंड, डॉलर आणि अमेरिकेचा इतिहास. स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो, मग मूल १,२५,००० हे १२५,००० लिहितं आणि 'सव्वा लाख' म्हटलं की बघत राहतं. गणित, इतिहास-भूगोल आणि मराठी बालभारतीचंच घ्या, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत. वर्कबुकं इंग्रजीसाठी ठेवा.

धाकटीसाठी: काड्यापेटीच्या काड्यांची गुलं काढून दहा-दहाच्या जुड्या रबरबँडने बांधा. दहा जुड्यांची एक मोठी जुडी. ५२ मधून २७ वजा करायचे तर पाच जुड्या नि दोन सुट्या काड्या मांडायच्या. सात सुट्या काढता येत नाहीत, म्हणून एक जुडी तिने स्वतः सोडायची: झाल्या चार जुड्या, बारा सुट्या. यातून सात काढल्या, पाच उरल्या, दोन जुड्या काढल्या, दोन उरल्या, पंचवीस. हे हाताने नीट जमल्यावरच पाटीवर उदाहरण मांडा. घाई केली की मुलं मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात, सातातून दोन पाच, आणि उत्तर ३५ येतं. त्यावर 'लक्ष दे' म्हणून काही होत नाही, परत जुडी सोडायला लावा.

वेळ: सात वर्षांच्या मुलीला वीस-वीस मिनिटांचे तुकडे, एकूण दोन तास बास. थोरल्याला चार.

बावखल

वरच्या दोघांशी सहमत. वचनपाठाची काळजी नाही म्हणालात, पण तोच वेळ मराठीच्या कामी लावा. बहुतेक घरांत वचन पाठ होतं, शुद्धलेखन मात्र कच्चं राहतं.

पाठांतरासाठी पोस्टकार्डाच्या मापाचा डबा घ्या, एका कार्डावर एक वचन. डब्यात दुभाजक: रोज १, सम-विषम तारीख २, वार ७, तारखा १ ते ३१. नवं वचन 'रोज'मध्ये. अडखळायचं थांबलं की सम किंवा विषममध्ये, मग वारात, शेवटी तारखेच्या खणात. त्यामुळे चाळीसेक वचनं झाली तरी दिवसाला साधारण चारच कार्डं म्हणायची असतात. 'रोज'मध्ये एकापेक्षा जास्त कार्डं जमली की गाडी अडते, हे नेहमीचं. स्तोत्र २३ सहाच ओव्यांचं आहे, आठवड्याला एक ओवी. थोरल्याला नीतिसूत्रे: ३१ अध्याय, जी तारीख तो अध्याय. एकच भाषांतर धरा. आजीची जुनी प्रत आणि मोबाइलवरचं अ‍ॅप यांत शब्द वेगळे निघाले की मूल दोन्हींची खिचडी करतं.

मग तेच कार्ड शनिवारी श्रुतलेखनाला. सगळ्यात जास्त चुका रफाराच्या. 'आशीर्वाद' हमखास 'आर्शिवाद' होतो. तोडून म्हणायला लावा: आ, शी, र्वा, द. र चा उच्चार ज्या अक्षराच्या आधी ऐकू येतो, त्याच्या डोक्यावर रफार. 'प्रार्थना'त र दोनदा येतो, एकदा प ला जोडून, एकदा थ च्या डोक्यावर. 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' हे आणखी दोन प्रकार. चारही एका कार्डावर लिहून भिंतीला लावा.

कॅथलिक वाचकांसाठी: घरी शिकवलं म्हणून धर्मग्रामाच्या धर्मशिक्षण वर्गातून सुटका नसते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठी नाव आधीच घाला. आयत्या वेळी गेलात तर पुढच्या वर्षावर जातं.

नगरची_आई

खूप आभार! दोनच शंका. जातीच्या दाखल्याचं काय, धाकटीकडे शाळेचा कागद नसेल तर? आणि विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आहे, तो या वर्कबुकांत वेगळ्याच पद्धतीने दिलाय. घरात यावर एकमत नाही.

काळी_पाटी

दाखला वडिलांच्या आणि आजोबांच्या कागदांवर निघतो: शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांची शाळा जुनी मिशनची असेल तर रजिस्टर आहे का ते आत्ताच जाऊन बघा, वाळवी कोणासाठी थांबत नाही. थोरल्याचा आधी काढून घ्या, धाकटीच्या अर्जाला सख्ख्या भावाचा दाखला जोडता येतो.

हातचा_एक

उत्क्रांतीबद्दल: राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तो सोडला तर गुण सरळ जातात, शिवाय डीएनए आणि आनुवंशिकता त्याच धड्यात असल्याने पुढचं जीवशास्त्र अडतं. धडा पाठ्यपुस्तकातूनच पूर्ण शिकवा: अवशेषांगं, जीवाश्म, नैसर्गिक निवड, डार्विन, लॅमार्क. पेपरात पुस्तकातलं उत्तर लिहायचं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरची चर्चा सकाळच्या उपासनेत हवी तेवढी करा, पण विज्ञानाच्या वहीत तिची सरमिसळ नको. आणि थोरल्याला दोन्ही बाजू नीट मांडता आल्या पाहिजेत, नाहीतर अकरावीत वर्गात पहिल्यांदा ऐकून गोंधळेल.