फडताळ ठेवा, ओटा बदला

सोलापुरातल्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, भिंतीतलं फडताळ आणि भांड्यांची मांडणी ठेवून मॉड्युलर करता येईल का, असं एकानं विचारलंय. येईल, पण ओट्याला शहाबादी नको. तो चुनखडीचा दगड. चिंच, लिंबू सांडलं की पांढरा डाग कायमचा. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या, शहाबादी जमिनीला राहू द्या. ती अॅसिडने धुऊ नका. खाली थेट माती असेल तर वर चकचकीत कोटिंगही नको. ओल अडकते आणि फरशीचे पापुद्रे सुटतात. दगडात मुरणारं सीलर चालतं.

खरी गोम भिंतीत आहे. दगड-मातीच्या भिंतीला आडवी खाच मारली की दगडांमधला मातीचा गारा ढासळतो, आत नळ गळला तर महिनोन् महिने कळतही नाही. पाइप ओट्याखालून उघडेच न्या. वायरिंगही भिंतीवरूनच, पट्टीतून. मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिमी तांब्याची वायर.

फडताळ जेमतेम फूटभर खोल असतं. मिक्सर छान मावतो, मायक्रोवेव्ह नाही. आत प्लग ठेवलात तर दार उघडं ठेवूनच मिक्सर चालवा.

मांडणी शेगडीपासून लांब लावा, नाहीतर पितळेवर तेलकट थर बसतो. मग चिंच घेऊन बसा घासत!