फितरा गव्हाच्या भावानेच किती वर्षं देणार?

जाफरनगरकर

शुक्रवारी नमाजनंतर आमच्या मशिदीच्या फळ्यावर यंदाच्या फितऱ्याचे चार भाव लिहिले. गहू, जव, खजूर, किसमिस. बहुतेक जण पहिली ओळ वाचून बाहेर पडले. मीही इतकी वर्षं पहिलीच ओळ वाचत आलो. यंदा मात्र फळ्यासमोर थांबलो आणि घरी येऊन हिशेब मांडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फितरा, म्हणजे सदका-ए-फित्र, रमजान संपताना द्यायचाच असतो. जकात वेगळी. ती वर्षभर जवळ राहिलेल्या मालावर अडीच टक्के असते, तर फितरा माणशी असतो. घरात पाच डोकी तर पाच फितरे, तान्हं लेकरूही त्यात आलं, त्याचा बाप भरतो. हिजरी सन 2 मध्ये रोजे फर्ज, म्हणजे सक्तीचे, झाले, त्याच वर्षी हाही हुकूम आला. माप ठरलं एक 'सा' (धान्य मोजायचं जुनं अरबी माप) खजूर किंवा एक सा जव. पैगंबरांचे सोबती इब्ने अब्बास यांनी त्याची दोन कारणं सांगितली आहेत: रोजात तोंडून गेलेल्या वावग्या बोलण्याची सफाई, आणि गरिबाला जेवण.

गव्हाचं मात्र हनफी मसलकात, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या पंथात, अर्ध्या सावर भागतं, आणि नागपुरात आपण बहुतेक हनफीच. हनफींमधल्या देवबंदी धारेच्या उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, हिशेबाने तो 1 किलो 633 ग्रॅम, बरेलवी धारेच्या हिशेबाने 2 किलोंच्या थोडा वर. अर्धा का? पैगंबरांचेच सोबती अबू सईद खुदरी सांगतात, नबींच्या (पैगंबरांच्या) काळात आम्ही एक सा द्यायचो. पुढे खलिफा मुआविया मदिनेत आले आणि मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावरून) म्हणाले की शामच्या (सीरियाच्या) गव्हाचे दोन मुद मला एक सा खजुराच्या बरोबरीचे वाटतात. चार मुदांचा एक सा, म्हणजे दोन मुद हा अर्धाच झाला. गहू तिथे बाहेरून यायचा, खजुराहून मोलाचा होता, म्हणून अर्धा पुरला. आपल्याकडे फळ्यावरच्या चारही भावांत तोच सगळ्यात खाली आहे, आणि तरी आपण तोच धरून बसलोय.

गहू 35 रुपये किलो धरा, माणशी 57 रुपये होतात. किसमिस 400 रुपये किलो धरा. एक सा म्हणजे सुमारे सव्वातीन किलो, माणशी 1300 रुपये. जवळजवळ तेवीस पट! ज्याच्या दारात चारचाकी उभी आहे, जो इफ्तारीला अजवा खजुराचे डबे आणतो, त्याने पाच जणांचे 285 रुपये टाकून मोकळं व्हावं हे मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं आहे?

टेकानाक्याचा ऑटोवाला

भाऊ, तुमचं म्हणणं समजते, पण हे मशिदीत बोलू नका. माझ्या घरी सात जण. हनफीमध्ये फितरा वाजिब, म्हणजे बंधनकारक, होते तो साहिबे-निसाबवर, म्हणजे ज्याच्याजवळ गरजेच्या वर साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीचं काही आहे त्याच्यावर. माझ्यावर तो येतही नाही. तरी अब्बांच्या काळापासून आमच्या घरून जातेच. यंदा 400 रुपये होतील. उद्या लोक म्हणायला लागले की गव्हाचा फितरा कंजूषाचा, तर माझ्यासारखा माणूस लाजेनं पेटीजवळ जाणंच सोडून देईल. शरीयतनं खालची पायरी काहून ठेवली? आमच्यासाठीच ना?

दुसरं, अर्धा सा हा फक्त मुआवियांच्या बोलण्यावर नाही. हनफी फिकहात (धर्मशास्त्रात) त्यासाठी वेगळी हदीसही, म्हणजे नबींचं वचनही, धरलं आहे. अर्धीच गोष्ट सांगू नका.

जाफरनगरकर

हदीसचं तुमचं बरोबर आहे, ती मी सांगायला हवी होती. आणि तुमच्या 400 रुपयांना मी हात लावत नाही, भाऊ. ते माझ्या पाच जणांच्या किसमिसच्या 6500 पेक्षा जड आहेत. मी बोलतोय ते माझ्यासारख्या पगारदारांशी.

कळमन्याचा अडत्या

पगारदारांशी बोलताय तर व्यापाऱ्याचंही ऐका. मी दरवर्षी दुकानातला माल, येणी, घरातलं सोनं, सगळं मोजून जकात काढतो. गरिबाच्या घरचं आजारपण, मुलीचं लग्न, मुलाची फी, हे तिच्यातून निघतं. फितरा त्यासाठी नाहीच. तो ईदच्या दिवशी कोणी उपाशी राहू नये एवढ्यासाठी आहे, म्हणून तो दीड-दोन किलो धान्याचा. त्याला जकातीचं काम सांगितलंत की दोन्हींचा घोटाळा होईल. जे लोक जकात बुडवून किसमिसचा फितरा देतील आणि छाती फुगवून फिरतील, त्यांचं काय करणार?

एक मात्र मान्य. गहू म्हणजे कोणता गहू? घरात शरबती खाता आणि फितऱ्याला हलक्या गव्हाचा भाव लावता, हे चूक. जो खाता त्याचाच भाव धरा.

कोकणातून नागपुरात

भाव, भाव आणि भाव! आम्ही कोकणातले, शाफई पंथाचे. आमच्याकडे पैसे चालतच नाहीत. जे लोकांचं रोजचं अन्न, त्याचाच पूर्ण एक सा. अर्धा नाही. आमची अम्मी ईदच्या आदल्या रात्री माणसागणिक तांदूळ मोजायची आणि आम्ही पोरं ते पोचवायला धावायचो. कुणाकडे नेतोय हे आम्हाला कळायचं, त्यांनाही आमची नावं माहीत असायची. नागपुरात आल्यापासून मी इतवारीतून चिन्नोर घेतो आणि स्वतः नेऊन देतो. पेटीत नोट टाकली की गरिबाचं तोंडही दिसत नाही. हदीसमध्ये अन्न म्हटलंय तर अन्नच द्या ना.

मोमीनपुऱ्यातली लेक

तुम्ही सगळे देणारे बोलताय. मी घेणाऱ्या घरातली आहे.

अब्बा गेले तेव्हा मी नववीत होते. पुढची चार-पाच वर्षं आमच्या घरी फितरा यायचा. कोकणवाल्या भाईंच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण ईदच्या आदल्या रात्री दाराशी गहू आला तर तो निवडायचा कधी, दळायचा कधी? चाँदरातीला गल्लीतली गिरणी कधीच बंद झालेली असायची. गहू तर रेशनचाही घरात असायचा. आता तर रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं. नसायचं ते दूध, शेवया, साखर, तेल, आणि लहान भावाची चप्पल. अम्मी तोच गहू शेजारी कमी भावात विकायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय. जुने आलिम हसन बसरी आणि खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी रोख चालेल म्हटलं, हनफींनीही तेच धरलं. माझ्यासाठी ते आमच्या अम्मीचं ऐकून म्हटल्यासारखं आहे.

गहू की किसमिस यावरही बोलते. 57 रुपयांत अर्धा किलो शेवया येत असतील कदाचित. तेवढ्यावर ईद होत नाही. चारचाकीवाल्यांनी वर चढावं, यात मी जाफरनगरच्या भाईंसोबत आहे. ऑटोवाल्या भाईंनी आहे तिथेच राहावं.

महालातला शेजारी

मी मुस्लिम नाही, पण आमच्या वाड्यात दोन मुस्लिम घरं होती, म्हणून विचारतो. तुमच्या घरी भांडी घासायला येणारी बाई हिंदू असेल आणि खरीच गरजू असेल, तर तिला हे देता येतं का?

जाफरनगरकर

जकात नाही. फितऱ्याबाबत मात्र इमाम अबू हनीफा देता येतो म्हणतात. त्यांचेच शागिर्द अबू यूसुफ नाही म्हणतात.

कळमन्याचा अडत्या

मी अबू यूसुफ यांचं धरतो. त्या बाईला ईदी द्या, साडी द्या, साध्या सदक्याला कुणाचीच अडकाठी नाही. फितरा आपल्यातल्या गरिबालाच पुरत नाही, तो वाटेल तिथे कशाला फिरवायचा?

टेकानाक्याचा ऑटोवाला

सेठ, आमच्या चाळीत आपल्यातल्या आणि त्यांच्यातल्या चुली एकाच दिवशी विझतात. मी तर इमामे-आजम अबू हनीफांचंच धरीन.

कोकणातून नागपुरात

मोमीनपुऱ्याच्या आपांनी गिरणीची गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. मसलक मी सोडणार नाही. पण तांदळाला गिरणी लागत नाही, आणि शाफईतही रमजान लागल्यापासून केव्हाही देता येतो. यंदा आधी नेईन. सोबत दूध-साखरेचे पैसे वेगळे ठेवीन, ते सदका म्हणून.

जाफरनगरकर

माझं ठरलं. किसमिस पाच जणांना झेपणार नाही, खजुराच्या भावाने देतो. आपा, एक सांगा, कोणत्या रोजापर्यंत पोचला तर उपयोगाचा? शेवटची वेळ ईदच्या नमाजआधीची, नंतर दिला तर तो साधा सदका, असं हदीसमध्ये आहे, एवढं मला ठाऊक आहे. घेणाऱ्याच्या घरचं ठाऊक नाही.

मोमीनपुऱ्यातली लेक

विसाव्या रोजाच्या आत द्या. त्यानंतर आमच्या गल्लीतले शिंपी कपडा घेत नाहीत.