प्रतिसाद: कॉमेट दिवसा दिसत नाही, खातही नाही

दिवसभर दगडाआड बसणं हा कॉमेटचा (खाऱ्या पाण्याच्या टाकीतला समुद्री मासा, त्या नावाचा गोल्डफिश नव्हे) आजार नव्हे, स्वभाव आहे. वर कुणीतरी दगड कमी करा म्हणजे मासा दिसेल असं सुचवलंय, ते कृपया करू नका. लपायला जागा नसेल तर तो आणखी बुजतो आणि खाणं पार सोडतो. उलट एक खोल, अंधारी कपार त्याच्या हक्काची ठेवा.

खरी अडचण खाण्याची. हा मासा कमालीचा सावकाश. भक्ष्याकडे पंख पसरून, तिरका तिरका सरकत येतो, क्षणभर टक लावून बघतो आणि मग तोंड उघडतो. तोवर डॅमसेल आणि रास या चपळ माशांनी सगळं फस्त केलेलं असतं. म्हणून इतरांना आधी खायला घाला, दिवे मालवा, आणि थोड्या वेळाने लांब पिपेटने (रबरी फुगा असलेल्या नळीने) वितळवलेले गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) थेट कपारीच्या तोंडाशी सोडा. मायसिसला तोंड लावत नसेल तर जिवंत ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले इवले जीव) देऊन बघा. निरीक्षणाला मंद लाल टॉर्च पुरते.

प्रवाळाला त्याचा त्रास नाही, पण छोटी शोभेची कोळंबी असेल तर ती रात्रीतून गायब झाली म्हणून समजा.

आणि डोकं बिळात, शेपूट बाहेर असा दिसला तर अडकला समजून ओढू नका! पाठीच्या पराच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. तो दाखवून स्वारी मोरे ईल या सापासारख्या शिकारी माशाचं सोंग घेत असते.

टाकीत अजून कोणकोण आहे, ते सांगाल का?