सड्यावर कंदीलपुष्प, शेजारी रस्तारुंदी: कंद हलवावेत का?

रानवाट: साताऱ्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर (सपाट कातळमाथ्यावर), साधारण ११०० मीटरवर, कंदीलपुष्पाची ४०-४५ रोपं आहेत. सरळ वाढणारी, वीतभर, पानं गवतासारखी, फूल जांभळट. बहुधा सेरोपेजिया जैनी ही जात. सड्याच्या कडेने रस्ता रुंद होणार आहे. जुन्या यादीत कंदीलपुष्पांना ‘व्हल्नरेबल’ (असुरक्षित) म्हटलंय, दुसरीकडे ‘एन्डेंजर्ड’ (नष्ट होण्याच्या धोक्यात). धरायचं काय? आणि आत्ताच, फुलं ओळखू येतायत तोवर, कंद दुसऱ्या सड्यावर हलवावेत का?

कातळफूल: शेरे वेगळे दिसतात कारण मोजपट्टी बदलली. भारतीय वनस्पतींचं रेड डेटा बुक, म्हणजे धोक्यातल्या जातींची नोंदवही, १९८७ ते १९९० मध्ये तीन खंडांत आलं. तेव्हा व्हल्नरेबल म्हणजे ‘हेच चालू राहिलं तर लवकरच एन्डेंजर्ड होईल’, आकडा नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या २००१ च्या निकषांत आकडे आहेत: प्रत्यक्ष व्याप्ती (जात खरोखर वाढते तेवढं क्षेत्र) २,००० चौ. किमी.च्या आत असेल तर व्हल्नरेबल, ५०० च्या आत असेल तर एन्डेंजर्ड. नुसत्या क्षेत्रफळावर मात्र भागत नाही. मोजक्या जागा, सततची घट, टोकाचे चढउतार यांतल्या दोन गोष्टी तरी दाखवाव्या लागतात.

गंमत अशी की व्याप्ती २×२ किमी.च्या चौकटींत मोजतात. तुमची रोपं दोन गुंठ्यांत असली तरी कागदावर ४ चौ. किमी. भरतात. तो दोन गुंठ्यांचा तुकडा रस्त्याखाली गेला तर एक अख्खी चौकट जाते, तोवर कागदावर काहीच हलत नाही. म्हणून रोपं मोजून ठेवा, फुललेली वेगळी आणि नुसत्या पानांची वेगळी.

सडेकरी: कंद हलवू नका, फुलोऱ्यात तर मुळीच नाही. खोड कंदाला जोडलेलं असतं तिथे धाग्याएवढं बारीक. ओढलं की तुटतं. कंद दगडाच्या फटीत अडकलेला असतो, पहारीने खरचटतो आणि पावसात कुजतो. शिवाय नवी जागा ‘तशीच’ दिसली तरी तशी नसते. पातळ माती, खाली कातळ, पाणी वाहून जाईल असा उतार, आणि डोक्यावरून जाणार नाही इतकंच गवत, हे सगळं एकत्र लागतं.

बी गोळा करा. फुलाच्या नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे आत शिरलेली बारीक माशी केस सुकेपर्यंत अडकते आणि परागपुंज घेऊन सुटते. व्यवस्था सुंदर, पण बेभरवशाची. शेंगा थोड्याच धरतात. शेंग तडकली की म्हातारीसारखे केस असलेलं बी उडून जातं, म्हणून ती पिवळसर व्हायच्या आधीच मलमलची सैल पिशवी बांधा. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. बी ताजंच पेरा, वर मातीचा पातळ थर पुरे. हिवाळ्यात पानं गेली की कंद झोपतो. कुंडीतले बहुतेक कंद मरतात ते तेव्हाही पाणी घालत राहिल्यामुळे.

त्याआधी सातबारा पाहा. वनखात्याची जमीन असेल तर बी घ्यायलाही परवानगी लागते.

रानवाट: रस्ता रोपांपासून १५ मीटरवरून जाईल. तेवढं अंतर पुरेल?

कातळफूल: डांबर लांब राहील, गटार नाही. गटार वरच्या बाजूला असेल तर सड्यावरून पसरत येणारं पाणी तिथेच पकडलं जातं. खालच्या बाजूला भराव पडला तर पाणी तुंबतं. दोन्हींत हे झाड टिकत नाही. खडी-मुरमाचे ढीग आणि यंत्रं वळवायची जागा पलीकडच्या बाजूला हवी, हे लेखी मागा. बाहेरच्या मातीबरोबर गाजरगवत येतं, ते पहिल्या पावसातच उपटायला माणूस ठरवा.

घाटपान: ओळखीबद्दल. एका फोटोवर जैनी म्हणू नका, सेरोपेजिया अटेन्युएटा या दुसऱ्या जातीची पानंही तशीच चिंचोळी असतात. पाकळ्या नळीच्या मानाने फारच लांब असतील तर अटेन्युएटाकडे बघा. फुलाचा बाजूने फोटो काढा, पट्टी धरून. गळलेलं फूल मिळालं तर उभं चिरून दहापट भिंगाखाली आतला मुकुट (फुलाच्या मध्यावरची पाकळ्यांसारखी रचना) बघा. फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये टिकतं.

आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना जागा ‘ऑब्स्क्युअर्ड’ (धूसर) करा. मग टिंब ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही दिसतं. मागचा सुळका फोटोत आला असेल तर तो कापा, नाहीतर सगळी लपवाछपवी फुकट.