पुस्तकभिशीसाठी सिनेमा निघालेल्या कादंबऱ्या सुचवा

कावेरी_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत पुस्तकभिशी आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एका पुस्तकावर बोलायचं, मग खायचं. सध्या खाणं जोरात आहे आणि पुस्तक रोडावलंय. म्हणून यंदा जुन्या, नावाजलेल्या मराठी कादंबऱ्या घ्यायच्या, पण ज्यांच्यावर सिनेमा आहे अशाच. आधी वाचन, मग एकत्र बसून सिनेमा.

अडचणी दोन. मंडळी कॉलेजातल्या पोरींपासून पंचाहत्तरीच्या आजींपर्यंत आहेत, त्यामुळे जाडजूड ग्रंथ नको. आणि अर्धे लोक नुसता सिनेमा बघून येणार, हे मला आत्ताच दिसतंय. 'श्यामची आई' नको, सगळ्यांचं झालंय. पहिल्या महिन्याला उद्धव शेळक्यांची 'धग' घ्यायचा विचार आहे, तिच्यावर सिनेमा आहे ना?

चहाटळ:
'सिंहासन'. डोळे मिटून घ्या. निळू फुले, लागू, अरुण सरनाईक, अजून काय पाहिजे? आजी बातम्या बघत असतील तर भिशी रात्री अकरापर्यंत लांबेल, तेवढी तयारी ठेवा.

माणदेशी_मास्तर:
कावेरीताई, आधी 'धग'चं. शेळक्यांची कादंबरी १९६० ची, कौतिक नावाच्या बाईच्या कष्टाची, वऱ्हाडी बोलीतली. २०१२ चा 'धग' सिनेमा स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाचा आहे. नाव सोडलं तर दोघांचा काडीचा संबंध नाही. दोन्ही चांगले आहेत, पण एकत्र घ्याल तर निम्मी भिशी बुचकळ्यात पडेल.

माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. मी माणदेशातला, त्यातून एकशिक्षकी शाळेवर नोकरी केलेला, म्हणजे माझं माप झुकतं आहे हे धरूनच चाला. १९५५ चं पुस्तक, अंगाने लहान, दोन-तीन बैठकांत संपतं. अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा.

औंध संस्थानातलं धनगरांचं खेडं, तिथे पोरसवदा मास्तर येतो. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. मास्तर कारभाऱ्याला धरून हळूहळू गावात शिरतो, तालीम बांधायचं काढतो. पुढे दुष्काळ पडतो आणि गाव उठतं. एवढीच गोष्ट. पण त्यात शेकूची बायको आहे. जोडीतला बैल नाही आणि पेर तर साधायची, म्हणून ती स्वतः जुवाला खांदा देते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, टीकाही करत नाहीत, बघितलं तसं सांगून पुढे जातात. हे पान भिशीत कुणीतरी मोठ्याने वाचा. आजींचा चष्म्याचा प्रश्नही सुटेल.

मग सिनेमा लावा. कादंबरी मास्तर स्वतः सांगतो, त्यामुळे वाडी आपल्याला त्याच्या ओळखीने, एकेक माणूस करत कळते. पडद्यावर माळ, झोपड्या, मेंढरं पहिल्यापासूनच समोर असतात. मला पुस्तक उजवं वाटतं. आमच्याकडची तरुण पोरं नेमकी उलट बोलतात, आणि भांडायला तेवढं पुरतं.

निवडीचा माझा नियम एवढाच, की सिनेमाने पुस्तकाला कुठेतरी हात लावलेला असला पाहिजे. जसंच्या तसं उतरवलं असेल तर चर्चा 'छान होतं' याच्यापुढे जात नाही. चहाटळ म्हणतात तो 'सिंहासन' (१९७९) या कसोटीवर पहिल्या नंबरचा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांनी त्यांची एक पटकथा केली, जब्बार पटेलांनी सिनेमा. पण तो पहिल्या महिन्याला नको, दोन पुस्तकं वाचायची आहेत. भिशीचे दोन गट करा, एकेका गटाला एकेक कादंबरी. आपल्या पुस्तकातलं काय गेलं आणि काय राहिलं हे मग ते एकमेकांना सांगतील. सिनेमाच्या शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा का हसतो, यावर आमच्याकडे दोन निवृत्त तलाठ्यांचं अजून पटलेलं नाही.

नुसता सिनेमा बघून येणाऱ्यांना ओरडू नका. त्यांना प्रश्न विचारायचं काम द्या: हा माणूस असं का वागला, ते पुस्तकात आहे का? वाचून आलेल्यांची चांगलीच परीक्षा होते.

वाचनालयवाली:
मास्तरांना +१. मी काउंटरवर बसते, तर माझी एक भर. तीन महिने सलग स्मिता पाटील घ्या. 'जैत रे जैत' (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, 'चक्र' (१९८१, हिंदी) जयवंत दळवींच्या, आणि 'उंबरठा' (१९८२) शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून. तिन्ही सिनेमे मराठी कादंबऱ्यांवर, हे आमच्या सभासदांतल्या निम्म्यांना माहीत नसतं. 'उंबरठा' तोंडपाठ असलेल्या बायकासुद्धा 'बेघर'चं नाव काढलं की "हे काय नवीन?" म्हणतात. आमच्याकडे त्याची एकच प्रत आहे, पानं सुटलेली, तेव्हा शोध आधीपासून सुरू करा.

'जैत रे जैत'मध्ये महानोरांची गाणी आणि हृदयनाथांची चाल इतकी डोक्यात बसलेली असते, की पुस्तक वाचताना ती कानात वाजतातच. म्हणून तेवढं एक तरी आधी वाचाच, सिनेमा नंतर. नाग्या आणि चिंधी तुमचे तुम्हाला भेटू द्या.

कावेरी_डोंबिवली:
सगळ्यांचे आभार, विशेषतः 'धग'बद्दल. 'बनगरवाडी' पक्की. पण मास्तर, कॉलेजच्या पोरी 'नटरंग' मागतायत, अजय-अतुलसाठी. ते क्लासिकमध्ये बसतं का?

माणदेशी_मास्तर:
आनंद यादवांची कादंबरी आहे, का नाही बसणार? सिनेमा २०१० चा. पोरींना सांगा, गाणी ऐका, अतुल कुलकर्णींनी पैलवानाचा नाच्या कसा केलाय ते बघा, आणि सिनेमा जीवनगौरव पुरस्कारापर्यंत जातो ते लक्षात ठेवून कादंबरीची शेवटची पानं वाचा. त्या भिशीला सूत्रसंचालन पोरींकडेच द्या.

चहाटळ:
आणि 'सिंहासन'च्या भिशीला मला बोलवा. खायला काय आहे तेही कळवा.