लातूरचे पाहुणे, तीन दिवस मुंबई: क्रम कसा लावू?

ए-२०४: नमस्कार मंडळी. लातूरहून आत्या-काका आणि दोन मुलं (८ आणि ११ वर्षं) येतायत. शनिवारी राणीची बाग, रविवारी लालबागचा मसाला आणि मंगलदासमध्ये कापड, सोमवारी घारापुरी आणि फोर्ट असं ठरवलंय. ठाण्याहून लोकलनेच जाणार. आत्यांचे गुडघे दुखतात. चालेल का?

सी-७०१: नाही चालणार दादा. मंगलदास रविवारी बंद असतं आणि घारापुरीची लेणी सोमवारी. खरेदी शनिवारी उरका, घारापुरी-फोर्ट रविवारी करा, राणीची बाग सोमवारी. बागेची सुट्टी बुधवारी असते. मुंबईत आधी वार बघायचा, मग ठिकाण.

बी-५०२: शनिवारी पहिलं काम लालबाग. स्लो लोकल धरा, करी रोडला फास्ट थांबत नाही. तिथून चालत मिरची गल्ली. मिरची नुसत्या रंगावर घेऊ नका. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. किलोभर मिरचीत अर्धा किलो बेडगी, पाव किलो संकेश्वरी, पाव किलो काश्मिरी घेतलीत तर रंग छान येतो आणि मुलांनाही झेपतं. मिरची हातात चुरून बघा. कडकडीत मोडली तर वाळलेली, लवली तर दमट. दमट मिरचीचा मसाला लवकर बुरशी धरतो. धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर सगळं समोर वजन करून घ्या, तिथेच भाजून डंकावर कांडून देतात. मार्च ते मे रांग मोठी असते, म्हणून सकाळीच टाका, पावती घ्या आणि मंगलदासला निघा.

ए-३०१: मंगलदासला सीएसएमटीला उतरा, क्रॉफर्ड मार्केटवरून चालत दहा-बारा मिनिटं. दर विचारायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी विचारा. दोन दुकानांत भाव सारखा वाटतो, पण एकाचा पन्हा ३६ इंच असतो, दुसऱ्याचा ४४. कमी पन्ह्याला कापड जास्त लागतं आणि स्वस्त वाटलेलं महाग पडतं. कॉटन असेल तर आटायचं धरून थोडं जास्त कापून घ्या. मुलं कंटाळली की क्रॉफर्डसमोर बादशाहचा फालुदा आहे.

सी-७०१: परतताना चारच्या आत करी रोडला मसाला उचला. पाचनंतर ठाण्याच्या गाडीत पिशव्या घेऊन आत्यांना चढवणं कठीण. भूक असेल तर दादरला उतरा. शिवसेना भवनासमोर आस्वादची मिसळ आणि थालीपीठ, किंवा प्रकाशचा साबुदाणा वडा आणि वर पियूष. जेवायच्या वेळेला रांग असते, चार-साडेचारला जरा सुटसुटीत.

डी-१०३: गुडघे दुखत असतील तर घारापुरी टाळाच असं माझं मत. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढे १२० च्या आसपास पायऱ्या आहेत.

बी-५०२: डोली मिळते हो काका. त्रिमूर्ती बघायची राहून गेली तर आत्यांना चुटपुट लागेल. फक्त डोलीचा दर जाता-येताचा मिळून, आधी ठरवा. बोटीचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. बोट एका बाजूला तासभर घेते, म्हणून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी पकडा. खाऊ पिशवीच्या आत ठेवा, माकडं हातातली पाकिटं सरळ ओढतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात, तेव्हा हा बेतच नको.

डी-१०३: डोली असेल तर ठीक. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, आहे का ते आदल्या दिवशी बघा. बहुतेक वेळा अकरा ते चारच्या दरम्यान असतो, म्हणून आठच्या आत ठाणं सोडा.

ए-३०१: बोटीवरून आल्यावर ओव्हल मैदानाच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडे बघा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, १८७८ चा राजाबाई टॉवर, सगळं गॉथिक. पश्चिमेला आर्ट डेको इमारती, गोल कोपरे आणि सज्ज्यांच्या आडव्या रेषा. २०१८ मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारसा झाले. अंधार पडताना सीएसएमटीसमोर या, दिवे लागलेले असतात. मुलांना फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ शोधायला सांगा, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा.

सी-७०१: तिकडे रिक्षा शोधू नका, सायन-माहीमच्या पुढे रिक्षा नाहीत. काळी-पिवळी किंवा बस.

डी-१०३: सोमवारी भायखळा, तिथे फास्ट थांबते. पूर्वेला उतरा. दुपारच्या आत जा. आधी पेंग्विन बघा, मग बाकीचे प्राणी. नंतर पेंग्विनच्या रांगेत मुलं उभी राहत नाहीत.

ए-२०४: खूप आभार सगळ्यांचे. काकू, मसाला लातूरपर्यंत नेताना काही?

बी-५०२: कांडून आलेला मसाला गरम असतो. लगेच प्लास्टिकमध्ये बांधलात तर आत घाम सुटतो आणि गुठळ्या होतात. घरी आल्यावर परातीत पसरून वर सुती कापड टाका, रात्रभर गार होऊ द्या. सकाळी कोरड्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा. प्रवासात बरणी स्टीलची, झाकणाला कापड बांधून.